'हे शिकून नोकरी लागणाराय काय?'

या आठवड्याचं पत्र कोल्हापुरातल्या एका बी.एड. कॉलेजातल्या तरुण प्राध्यापिकेचं आहे. थोडं आटोपतं करून देतो.

"सर, माझा मूळ विषय भूगोल. यंदा शिक्षणाच्या तत्त्वज्ञानाचा पेपर माझ्याकडे आला. पहिल्या तासाला फळ्यावर 'शिक्षण म्हणजे काय?' असं लिहिलं आणि व्याख्या सांगायला लागले. चौथ्या व्याख्येला मागच्या बाकावरचा कागलकडचा एक मुलगा उठला. म्हणाला, 'मॅडम, आमचे वडील गुऱ्हाळावर गुळव्या हायत. सातवीतनं शाळा सोडलेली. शिक्षण म्हणजे काय हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांचं काय अडलं पण नाही. हा पेपर शिकून नोकरी लागणाराय काय?' वर्ग हसला. मी चिडून म्हणाले, 'परीक्षेला येतं म्हणून शिकायचं, खाली बस.' तो बसला. त्यानंतर माझ्या दोन तासांना आलाच नाही. मला झोप लागली नाही, कारण खरं उत्तर मलाही माहीत नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे नाही तो वर्गात मांडणं ही मुलांची फसवणूक नाही का? आणि आता सुरुवात कुठून करू?"

प्रिय प्राध्यापिका मॅडम,

तुमचा पहिला तास वाया गेला असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. त्या तासाला वर्गात तत्त्वज्ञान आलं होतं. ते मागच्या बाकावरून आलं, म्हणून ओळखू आलं नाही.

त्या मुलाचं बोलणं पुन्हा वाचा. त्यात तीन प्रश्न आहेत. सातवीत शाळा सोडलेला पण गूळ करण्यात वाकबगार असलेला माणूस शिकलेला म्हणायचा की नाही? शिक्षण म्हणजे काय हे न विचारता आयुष्य नीट जात असेल, तर विचारायचंच कशाला? आणि शिकायचं ते नोकरीसाठी की आणखी कशासाठी? तुमच्या पेपराच्या पहिल्या घटकात याहून वेगळं काही नाही. 'परीक्षेला येतं म्हणून' हे तुमचं वाक्यसुद्धा शिक्षणाच्या हेतूबद्दलचंच एक उत्तर आहे. ते तुम्हाला स्वतःला पटलं नाही आणि म्हणून झोप लागली नाही. ही अस्वस्थता तुमच्या कामाची आहे, ती घालवून टाकू नका.

सुरुवात वडिलांपासून करा. पण आधी त्या मुलाला बाजूला बोलावून, 'तुझा प्रश्न मी हसण्यावारी जाऊ दिला, ते चुकलं,' असं सांगा. मग चालणार असेल तर त्याला एक काम द्या: वडिलांना गुळातलं काय काय कळतं ते वहीत उतरवून आण. चुलाणाचा जाळ कधी वाढवायचा, काहिलीतल्या रसावरची मळी केव्हा काढायची, रस उतरवायची वेळ झाली हे कशावरून ओळखायचं. रसाचे बुडबुडे बघून, थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी दाबून तो माणूस ठरवतो. लवकर उतरवला तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. मुलगा लिहायला बसेल तेव्हा बरंचसं शब्दात उतरत नाही हे त्याचं त्यालाच कळेल. मग वर्गाला विचारा: जे सांगता येत नाही ते ज्ञान आहे का? पेपरात ज्याचे मार्क देता येत नाहीत ते शिक्षणात मोजायचं की नाही? गिल्बर्ट राइल या इंग्लिश तत्त्वज्ञानं गेल्या शतकात 'अमुक आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक करता येणं' यांतला फरक मांडला आणि त्यावर आजही वाद चालतो. तुमच्या वर्गाला तो वाद गुऱ्हाळावरून कळेल. राइलचं नाव नंतर सांगितलं तरी चालेल.

त्या मुलाचं दुसरं वाक्य मात्र तसंच सोडू नका. 'त्यांचं काय अडलं नाही.' खरंच? गुऱ्हाळावरचा माणूस हंगामाच्या आधी उचल घेतो. ती किती फिटली, किती राहिली हे मालकाच्या वहीत असतं. ती वही कोण वाचतं? हा प्रश्न त्या मुलाला उद्देशून चारचौघांत विचारू नका, त्याच्या बापाची लाज काढल्यासारखं होईल. सगळ्या वर्गाला विचारा. बहुतेकांच्या घरात अशी कुणाची तरी वही असते. दवाखान्याची असेल, सोसायटीच्या कर्जाची असेल, सातबाऱ्याची असेल.

आणि इथे महात्मा फुल्यांना वर्गात आणा. १८८२ साली सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून मागणी केली, ते तुमच्या नोट्समध्ये असेलच. त्यांच्या त्या प्रसिद्ध ओळी मुलांना पाठ असतात, पण त्यातला क्रम फारसा कुणी बघत नाही. विद्या गेली की मती जाते, मती गेली की नीती, मग गती, मग वित्त. पैसा या साखळीत आहे. फुल्यांनी तो तुच्छ मानलेला नाही, वित्त गेल्यावर शूद्र खचले हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. पण विद्येपासून वित्तापर्यंत जाताना मध्ये तीन पायऱ्या आहेत. मुलांना विचारा की आपण आज विद्येवरून थेट वित्तावर उडी मारतोय का, आणि मारली तर मधलं काय गळतं. कुणी म्हणेल, 'पोट भरल्यावर नीती सुचते, क्रम उलटा पाहिजे.' त्याला थांबवू नका. फुल्यांशी कारणं देऊन भांडणारा विद्यार्थी त्यांच्या व्याख्या पाठ करणाऱ्यापेक्षा त्यांच्या अधिक जवळ असतो.

नोकरीबद्दल मात्र खरं बोला. या पेपरानं नोकरी लागत नाही. त्यासाठी टीईटी ही पात्रता परीक्षा आहे, टेट ही भरतीची परीक्षा आहे, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरची वाट बघणं आहे. एसटीचा पास काढून खेड्यातून येणाऱ्या मुलांपुढे 'ज्ञानासाठी ज्ञान' असं म्हणणं मला निष्ठुरपणाचं वाटतं. 'सुशिक्षित बेकार' हा शब्दप्रयोग आपल्याकडे उगाच रुळला नाही. शिक्षणानं दिलेलं वचन मोडलं गेल्याची तक्रार त्यात आहे. पण त्या मुलाला एवढंही सांगा: तुला नोकरी लागेल, आठवीच्या वर्गात तू गणित शिकवत असशील आणि एक पोरगं उठून विचारेल, 'सर, हे कशाला शिकायचं?' त्या दिवशी तू टेबलाच्या या बाजूला असशील. तेव्हा तू काय म्हणणार आहेस, ते या पेपरात ठरवायचं आहे.

पुढच्या तासाला फळ्यावर व्याख्या नको, फक्त क्रियापदं लिहा. शिकवणं, पढवणं, घडवणं, वळण लावणं, तयार करणं. आपल्या भाषेनं हे फरक आधीच करून ठेवलेत, आपण ते वापरतो पण न्याहाळत नाही. साक्षीदाराला 'पढवतात', त्याला कुणी 'शिकवला' म्हटलं तर त्यालाही तोच वास येतो. मग वर्गात आपण मुलांना शिकवतो की पढवतो, हे कशावरून ठरवायचं? पढवलेल्याला उलट प्रश्न विचारला की तो अडतो, कारण त्याच्याकडे उत्तर असतं आणि कारण नसतं. हा फरक मुलांनी स्वतः शोधला तर शिक्षण आणि मतप्रचार यांतल्या सीमारेषेवर पुस्तकात जे पानंच्या पानं लिहिलेलं असतं ते त्यांना सोपं जाईल.

'शिक्षण' हा शब्दही उघडून दाखवा. संस्कृतातला शिक्ष् हा धातू शक् म्हणजे 'समर्थ असणं' याचं इच्छार्थी रूप. शिकणं म्हणजे समर्थ होऊ पाहणं. आणि त्याच धातूपासून आलेला 'शिक्षा' हा शब्द मराठीत छडी आणि तुरुंग यांच्यासाठी रूढ झाला. असं का झालं असेल? या एका प्रश्नावर माझ्या वर्गात एकदा पूर्ण तास गेला होता. एका मुलीनं शाळेतली शिक्षा आठवून सांगितली आणि मग वर्गातलं कुणी हसलं नाही.

आणि तालीम! कोल्हापुरात तालीम म्हटलं की लाल माती, जोर, बैठका, वस्ताद. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिकवणं, शिक्षण असाच आहे. १९३७ साली वर्ध्यात गांधीजींनी हातांच्या कामातून शिकण्याची जी योजना मांडली तिला 'नई तालीम' म्हणतात ते त्याच शब्दावरून. तुमच्या वर्गात कुणी ना कुणी तालमीत गेलेला असेलच. त्याला विचारा की वस्तादांनी ढाक हा कुस्तीचा डाव लावायला शिकवला, ते शिक्षण की नुसता सराव? डाव कुठे लावायचा आणि गल्लीतल्या भांडणात का लावायचा नाही हेही त्यांनी सांगितलं असेल, तर उत्तर बदलतं का? शिक्षणाचे तत्त्वज्ञ आर. एस. पीटर्स लंडनमध्ये १९६० च्या दशकात याच धर्तीवर विचार करत होते. त्यांचं म्हणणं असं की 'प्रशिक्षित' म्हटलं की कशात ते विचारावं लागतं, 'शिक्षित' म्हणताना मात्र आपण अख्ख्या माणसाबद्दल बोलतो आणि काहीतरी चांगलं घडलंय असं त्यात गृहीत धरतो. आपल्याकडेही 'एवढा शिकलेला असून असा वागतो' असं लोक म्हणतात. पण आपण 'शिकला पण सुधारला नाही' असंही म्हणतो आणि ते आपल्याला विसंगत वाटत नाही. मग पीटर्स बरोबर की आपली बोली? मला अजून पक्कं सांगता येत नाही आणि वर्गात मी तसं म्हणतही असे.

आता शाहू महाराज. कोल्हापुरात हा पेपर शिकवणाऱ्यानं इथं थांबलंच पाहिजे. १९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याचा हुकूम काढला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. तेव्हाचा रुपया गरिबाला जड होता. माझे वडील इथल्याच एका बोर्डिंगात राहून शिकले, त्यामुळे या माणसाचं ऋण माझ्या घरावर आहे. पण आपण जयंतीला हार घालतो आणि त्या हुकमातला सगळ्यात अवघड प्रश्न विचारायचाच राहतो. ज्याला शिकायचं नाही त्याला शिकायला लावण्याचा अधिकार राज्याला कुठून मिळतो? शेतात पोराचे हात हवे असलेल्या बापाला दंड का करायचा?

वर्गात हे विचारलं की आधी सगळे एकसुरात म्हणतील, 'महाराजांनी केलं ते बरोबरच.' मग म्हणा, बरोबर आहे हे मलाही मान्य, पण कारण सांगा. पहिलं कारण येईल: त्यातच मुलाचं भलं आहे. मग विचारा, भलं कशात हे कोण ठरवणार? दुसरं येईल: समाजाला शिकलेली माणसं लागतात. मग विचारा, म्हणजे मूल हे समाजाचं साधन झालं का? तिसरं कारण बहुधा कुणाला सुचत नाही, ते थोडं ढोसून बाहेर काढावं लागतं: आठ वर्षांच्या पोरापुढे वाटा कोणत्या आहेत हेच त्याला माहीत नसतं, म्हणून ते शाळेला 'नाही' म्हणतं तेव्हा ती त्याची निवड नसते. निवड करता यावी म्हणून आधी सक्ती. स्वातंत्र्यासाठी सक्ती, हे ऐकायला विचित्र वाटतं आणि म्हणूनच त्यावर वेळ द्या. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्लिश विचारवंतानं १८५९ साली म्हटलं होतं की प्रत्येक मूल शिकेल हे राज्यानं बघावं, पण सगळं शिक्षण राज्यानंच देऊ नये, नाहीतर सगळी माणसं एका साच्याची होतील. आपला २००९ चा कायदा सहा ते चौदा वयाला शिक्षणाचा हक्क देतो. शाळा वाईट असेल तर तिथे बसायची सक्ती हा कसला हक्क? शेवटी हा प्रश्न मुलांवर सोडा. उत्तर लिहून मागा, बोलून नको. बोलताना नेहमीचे चारजण सगळा तास खातात.

तुमची खरी भीती वेगळी आहे. उत्तर माहीत नसताना प्रश्न मांडणं ही फसवणूक नाही का, असं तुम्ही विचारलंत. सद्गुण शिकवता येतो का, यावर प्लेटोनं एक संवाद लिहिला आहे. त्यात सॉक्रेटिस घरातल्या एका गुलाम मुलाला जमिनीवर चौरस काढून दाखवतो. दोन फूट बाजू, चार चौरस फूट क्षेत्रफळ. याच्या दुप्पट चौरस काढ म्हणतो. मुलगा झटकन म्हणतो, बाजू दुप्पट करा. झाले सोळा. मग म्हणतो, तीन फूट करा. झाले नऊ. मग अडतो. शेवटी सॉक्रेटिस कर्ण दाखवतो, त्या कर्णावरचा चौरस बरोबर आठचा निघतो आणि हे मुलगा स्वतःच्या तोंडानं कबूल करतो. हा प्रयोग फळ्यावर करा, गणिताला घाबरणाऱ्या विद्यार्थिनीला बोलावून करा. झाल्यावर वर्गाला विचारा: सॉक्रेटिसनं शिकवलं का? की नुसतं विचारलं? की विचारता विचारता अलगद उत्तर पुढ्यात सरकवलं? कर्ण तर त्यानंच काढला. या शेवटच्या शंकेवर माझ्या वर्गात दरवर्षी भांडण होई.

त्या संवादात समोरचा गृहस्थ सॉक्रेटिसला म्हणतो, तू त्या झटका देणाऱ्या माशासारखा आहेस, समोरच्याला बधिर करतोस. सॉक्रेटिसचं उत्तर असं की तो मासा स्वतःही बधिर होत असेल तरच ही उपमा मला लागू पडते. मी स्वतः गोंधळलेला आहे म्हणून इतरांना गोंधळात पाडतो. मॅडम, तुम्ही तिथेच उभ्या आहात. फसवणूक तेव्हा होते जेव्हा आपल्याकडे उत्तर नसतं आणि असल्याचं आपण दाखवतो. व्याख्या लिहून देताना मी हे कितीतरी वर्षं केलं. एका तोंडी परीक्षेत एका हुशार मुलीनं मला सहा विचारवंतांच्या व्याख्या अचूक सांगितल्या. मी विचारलं, 'यातली तुला कुठली पटते?' ती घाबरून म्हणाली, 'सर, ते नोट्समध्ये नव्हतं.' नोट्स माझ्या होत्या. तिला पैकीच्या पैकी मार्क द्यावे लागले आणि घरी जाताना मला फार वाईट वाटलं.

पण याचा अर्थ 'प्रत्येकाचं आपापलं मत बरोबर' असा होऊ देऊ नका. त्यानं वर्ग खूश होतो आणि विचार तिथेच मरतो. कारण दिल्याशिवाय मत स्वीकारायचं नाही, आणि मॅडमचंही नाही, हा नियम पुढच्याच तासाला सांगा. प्रश्न विचारल्यावर शांतता पसरेल, ती तुम्हीच भरून काढू नका. मनात वीसपर्यंत मोजा.

अभ्यासक्रम पुरा करायचाच आहे. आदर्शवाद, निसर्गवाद, प्रयोजनवाद हे तत्त्वज्ञानातले विचारप्रवाह परीक्षेला येणार आणि मुलांचे मार्क जाता कामा नयेत. माझा सल्ला, ते वाद सत्राच्या शेवटच्या एक-तृतीयांश भागात घ्या. तोवर प्रश्न मुलांचे स्वतःचे झालेले असतील आणि प्रत्येक वाद हे त्या प्रश्नाला कुणीतरी दिलेलं उत्तर म्हणून समजेल. जॉन ड्यूई हे अमेरिकन तत्त्वज्ञ शिकवताना 'प्रयोजनवादाचा पुरस्कर्ता' एवढंच सांगून पुढे जाऊ नका. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते, तेव्हा ड्यूई त्यांचे शिक्षक होते. शिक्षण म्हणजे पुढच्या जगण्याची तयारी असं ड्यूई मानत नव्हते, ते आत्ताचंच जगणं आहे असं मानत होते. आणि लोकशाही ही त्यांच्या लेखी नुसती राज्यपद्धती नव्हती, एकमेकांबरोबर जगण्याची, अनुभव वाटून घेण्याची रीत होती. १९२० च्या मार्चमध्ये आपल्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात अस्पृश्य मानलेल्या समाजाची परिषद झाली. अध्यक्ष बाबासाहेब होते आणि शाहू महाराज मुद्दाम तिथे गेले. एकमेकांबरोबर बसण्याचीच जिथे बंदी होती त्या समाजात ड्यूईंच्या त्या वाक्याचा अर्थ काय होतो, हे माणगावचं नाव घेऊन विचारा. अमेरिकेतला तत्त्वज्ञ तुमच्या मुलांना घरापासून एसटीच्या अंतरावर भेटेल.

सहकारी म्हणतील, सिलॅबस मागे पडतोय. पडू द्या थोडा, ऑक्टोबरात भरून निघतो.

आणि तो कागलचा मुलगा. तो वही घेऊन आला तर त्याला विचारा, दिवाळीच्या पुढे-मागे गुऱ्हाळं पेटली की वर्गाला तिकडे नेता येईल का. गेलात तर खुर्चीवर बसून व्याख्यान ऐकू नका, चुलाणाशी उभ्या राहा. रस उतरवून झाला, वाफ्यात ओतला आणि ते गृहस्थ हात धुऊन बाजूला बसले की दोनच प्रश्न विचारा. 'हे तुम्ही कुणाकडून शिकलात?' आणि 'पोराला का नाही शिकवलंत?' दुसऱ्या प्रश्नाला ते काय म्हणतात आणि तेव्हा तो मुलगा कुठे बघत असतो, ते मला लिहून कळवा.